गिअरबॉक्स बदलताय? मग शाफ्टचं माप आधी घ्या

जुन्या गाड्यांवरच्या या सदरात यावेळी जवळजवळ सगळी पत्रं एकाच विषयावर आलीत. जुन्या गाडीत दुसरा गिअरबॉक्स बसवला किंवा बसवायचाय, आता प्रोपेलर शाफ्टचं, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे फिरणं नेणाऱ्या लांब पाइपचं, काय करायचं? बरं वाटलं, कारण हा प्रश्न बहुतेक लोक विचारतच नाहीत. इंजिनचं माउंटिंग, क्लच, गिअर लिव्हर सगळ्याचा विचार होतो आणि शाफ्ट म्हणजे काय, एक पाइप, तो काय बसेलच, असं धरून चालतात, आणि मग काम संपल्यावर पहिल्याच फेरीत गाडी थरथरायला लागते. पत्रं जरा छाटून घेतलीत, अर्थ तोच ठेवलाय.

प्रश्न: माझ्याकडे १९६९ ची शेव्हर्ले कॅमॅरो आहे, टर्बो ३५० ऑटोमॅटिकवाली. हायवेला इंजिन फार ओरडतं म्हणून ओव्हरड्राइव्हवाला (ज्याच्या वरच्या गिअरमध्ये इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं) ७००आर४ गिअरबॉक्स बसवतोय. मित्र म्हणतो दोन्ही गिअरबॉक्सना मागे २७ दातच आहेत, जुना शाफ्ट तसाच लागेल. खरंय का?

उत्तर: मित्राचं अर्धं बरोबर आहे. दोन्हीच्या आउटपुट शाफ्टला २७ स्प्लाइन म्हणजे दात आहेत त्यामुळे तुमचा स्लिप योक, म्हणजे शाफ्टच्या पुढच्या टोकाचा सरकता तुकडा, ७००आर४ मध्ये आरामात सरकेल, पण योक सरकला म्हणजे शाफ्ट बसला असं होत नाही ना. लांबी बघा. छोट्या म्हणजे ६ इंची टेलवाला (टेल म्हणजे गिअरबॉक्सचा मागचा निमुळता भाग) टर्बो ३५० साधारण ७०३ मिलिमीटर लांब असतो आणि ७००आर४ साधारण ७८१ मिलिमीटर, म्हणजे गिअरबॉक्सचं शेपूट जवळजवळ ७८ मिलिमीटर मागे येतं, मागच्या चाकांमधलं डिफरेन्शियल मात्र जिथं होतं तिथंच राहतं, मग तेवढा शाफ्ट कापायला नको का? योकला आत-बाहेर व्हायला जी मोकळी जागा सोडलेली असते ती जेमतेम इंचभर, त्यात ७८ मिलिमीटर कुठून मावणार.

या ७८ मिलिमीटरवर जाऊन शाफ्ट कापायला मात्र टाकू नका. टर्बो ३५० सहा, नऊ आणि बारा इंची अशा वेगवेगळ्या टेलमध्ये आला, पन्नासेक वर्षांत तुमच्या गाडीत कुणी काय बदललंय कुणास ठाऊक, इंजिनचे माउंट बदलले असतील, मागचा अ‍ॅक्सल दुसरा असेल. तक्त्यातला आकडा अंदाजासाठी, कापायचं माप गाडीखाली शिरूनच घ्यायचं. ते कसं घ्यायचं ते पुढच्या उत्तरात सांगतो.

एक पर्याय सुचवू का? गिअरबॉक्स अजून विकत घेतला नसेल तर २००-४आर बघा. तोही ओव्हरड्राइव्हवाला, त्यालाही २७ स्प्लाइन, आणि लांबी छोट्या टेलच्या टर्बो ३५० इतकीच, त्यामुळे बऱ्याच वेळा शाफ्टला हात लावावा लागत नाही. माउंटिंग मागे जातं म्हणून क्रॉसमेंबर (गिअरबॉक्स ज्यावर टेकतो तो आडवा आधार) सरकवावा लागतो तेवढाच. ७००आर४ ला माझा विरोध नाही, फक्त शाफ्टचं काम वाचतंय तर आधी कळलेलं बरं.

आणि एक, जे कुणी फारसं बोलत नाही. टर्बो ३५० चा पहिला गिअर २.५२ चा (शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे २.५२ फेरे), ७००आर४ चा ३.०६ चा. म्हणजे त्याच इंजिनातून शाफ्टवर आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटमधल्या क्रॉसवर पहिल्या गिअरमध्ये साधारण २१ टक्के जास्त पीळ येणार. क्रॉस जुने असतील तर शाफ्ट बाहेर काढलाच आहे तेव्हा दोन्ही बदलून टाका. दोन गिअरच्या पॉवरग्लाइडवरून ७००आर४ वर जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण पॉवरग्लाइडचा पहिला गिअर १.७६ किंवा १.८२ चा, तिथून ३.०६ वर म्हणजे पीळ दीडपटीच्या वर गेला.

प्रश्न: शाफ्टची लांबी मोजायची नेमकी पद्धत काय? प्रत्येक जण वेगळं सांगतो. कुणी म्हणतं जुन्या शाफ्टवरून वजाबाकी करा, कुणी म्हणतं योक पूर्ण आत ढकलून मोजा.

उत्तर: वजाबाकी नको. योक पूर्ण आत ढकलायचा हे बरोबर, पण तिथं थांबायचं नाही.

सगळ्यात आधी, गाडी स्वतःच्या वजनावर उभी पाहिजे. मागची चाकं लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकीचं. हे मी एवढं जोर देऊन सांगतोय कारण पूर्वी माझ्याच हातून हे झालंय. गाडी बॉडीखाली घोड्या लावून वर घेतलेली, मागचा अ‍ॅक्सल खाली लोंबत होता, घाईत टेप लावली, माप घेतलं, शाफ्ट करून आणला, छान बसला. घोड्या काढल्या, अ‍ॅक्सल वर आला तसा योक आणखी आत गेला, आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्यात आत जाऊन टेकला. एकच ठोका आला, दाराला कुणी हातोडा मारावा तसा. खाली शिरून बघितलं तर टेल हाउसिंगमधून तेल ठिबकत होतं, आत योकला आधार देणारा बुश फुटलेला. त्या दिवसापासून मी एकही शाफ्ट चाकांवर वजन असल्याशिवाय मोजलेला नाही. रॅम्प चाकांखाली घ्या, किंवा अ‍ॅक्सलच्या नळीखाली घोड्या लावून गाडीचं वजन स्प्रिंगच्या पाट्यांवर येऊ द्या, पुढची बाजूही तेवढीच उचला म्हणजे गाडी लेव्हलला राहील. चाकांना अडण लावल्याशिवाय खाली शिरू नका, शाफ्ट काढलेल्या गाडीला पार्किंग गिअर धरत नाही हे लोक विसरतात.

मग नवा गिअरबॉक्स त्याच्या खऱ्या माउंटिंगवर, खऱ्या क्रॉसमेंबरवर बोल्ट आवळून बसवा. लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवून माप घेऊ नका. जो योक शेवटी वापरणार तोच हातात घ्या, आउटपुट शाफ्टवर टेकेपर्यंत आत सरकवा, तिथून १९ ते २५ मिलिमीटर बाहेर ओढा. हीच त्याची चालतानाची जागा. आता योकच्या क्रॉसच्या मध्यापासून डिफरेन्शियलच्या योकच्या क्रॉसच्या मध्यापर्यंत माप घ्या, भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंत. कडेपासून कडेपर्यंत मोजायचं असेल तर दोन्हीकडे तीच कड धरा. दोनदा मोजा, दुसऱ्या वेळी टेप उलट्या बाजूने धरा. शाफ्ट करणाऱ्याला हे माप सेंटर टू सेंटर म्हणून लिहून द्या, तोंडी नको.

यानंतर अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडून एकदा बघा की योक किती बाहेर येतो, आणि वर बंप स्टॉपला टेकेपर्यंत जॅकने उचलून बघा की आत टेकत तर नाही. दोन्ही टोकं सुटसुटीत असतील तर माप बरोबर आहे.

पाइप कापताना दोन्ही टोकांचे योक एकाच रेषेत वेल्ड व्हायला पाहिजेत, याला फेजिंग म्हणतात. शाफ्ट टेबलावर ठेवला की दोन्ही टोकांची भोकं एकाच पातळीत दिसली पाहिजेत. वेल्ड झाल्यावर बॅलन्सिंग करूनच घ्या. नुसतं लेथवर सरळ केलंय म्हणून सोडू नका.

प्रश्न: वडिलांची १९५४ ची शेव्हर्ले आहे, तीन गिअरवाली. त्यांना आता तिच्यातून लांब जायचंय म्हणून पाच गिअरचा टी५ टाकायचा विचार चाललाय. गाडीखाली बघितलं तर शाफ्ट दिसतच नाही, नुसती एक जाड नळी दिसते. नवा शाफ्ट कुठून लावायचा?

उत्तर: ताई, ती जाड नळी म्हणजे टॉर्क ट्यूब. शाफ्ट तिच्या आत आहे. आणि ती नळी नुसतं झाकण नाही, इथंच खरी गोष्ट आहे.

उघड्या शाफ्टच्या गाडीत मागची चाकं जेव्हा गाडीला पुढे ढकलतात तेव्हा तो जोर पाट्यांतून किंवा आर्मांतून बॉडीला जातो. टॉर्क ट्यूबच्या गाडीत तो जोर या नळीतून पुढे गिअरबॉक्सकडे जातो, आणि अ‍ॅक्सल स्वतःभोवती फिरू नये म्हणून त्याला धरून ठेवायचं कामही हीच नळी करते. शेव्हर्लेनं ही पद्धत १९५४ पर्यंत ठेवली, १९५५ च्या नव्या मॉडेलपासून उघडा शाफ्ट आला. फोर्ड १९४९ लाच उघड्या शाफ्टवर गेली, ब्यूकच्या मोठ्या गाड्या थेट १९६० पर्यंत टॉर्क ट्यूबवर होत्या. म्हणजे तुमची गाडी त्या पद्धतीच्या अगदी शेवटच्या वर्षातली.

म्हणून टी५ टाकायचा म्हणजे टॉर्क ट्यूब जाणार, टॉर्क ट्यूब गेली की मागचा अ‍ॅक्सल उघड्या शाफ्टचा लावायला लागणार, आणि तो लावला की पाटे आणि त्यांचे पुढचे हँगर ढकलण्याचा सगळा जोर सोसतील का ते बघायला लागणार. एकातून एक निघत जातं. ब्यूकसारख्या मागे कॉइल स्प्रिंग असलेल्या गाडीत तर अ‍ॅक्सल धरायला वेगळे आर्म बसवावेच लागतात, कारण कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते, पुढे-मागे काहीच धरत नाही.

करू नका असं म्हणत नाही, बऱ्याच लोकांनी केलंय आणि गाड्या छान चालतात. पण हे मागच्या संपूर्ण बांधणीचं काम आहे, गिअरबॉक्सचं नाही, हे वडिलांना आधी सांगा. आणि जुना अ‍ॅक्सल, ट्यूब, आतला शाफ्ट सगळं एकत्र बांधून, तेल लावून जपून ठेवा. कधी मूळ रूपात आणायची इच्छा झाली तर हेच भाग लागतील.

प्रश्न: एमजीबी आहे. तिला फोर्डचा टाइप ९ पाच गिअरचा बॉक्स बसवतोय. मूळ शाफ्टला पुढे फ्लँज (बोल्टने आवळायची चकती) आहे, नव्या गिअरबॉक्सला मागे फ्लँजच नाही. एका मेकॅनिकने सुचवलं की स्लिप योक वेल्ड करून जुना शाफ्टच वापरू. चालेल?

उत्तर: तसाच नाही चालणार, आणि कारण समजून घेतलंत तर परत कधी फसणार नाही.

अ‍ॅक्सल वर-खाली होतो तेव्हा गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियलमधलं अंतर थोडं कमीजास्त होतं, ते कुठंतरी सामावून घ्यायला लागतं. एमजीबीमध्ये गिअरबॉक्सचं फ्लँज पक्कं आहे म्हणून सरकायची सोय शाफ्टच्याच अंगात दिलीय, तो स्प्लाइनवाला सरकता भाग पुढच्या बाजूला असतो बघा. टाइप ९ मध्ये उलट, शाफ्टचा योक गिअरबॉक्सच्या आत शिरतो आणि तिथं सरकतो. आता जुन्या सरकत्या शाफ्टच्या पुढे स्लिप योक वेल्ड केलात तर सरकायच्या जागा दोन झाल्या. मधला पाइप कुणी धरलेलाच नाही, तो मनाला येईल तसा पुढे-मागे जाणार, कधी पुढचा योक तळाला टेकणार, कधी गरजेपेक्षा बाहेर येऊन थोड्याशाच दातांवर फिरणार.

याच्या उलटं आणखी वाईट. सरकता योक नसलेला सलग शाफ्ट दोन्हीकडे फ्लँजला आवळला तर सरकायला जागाच नाही, मग प्रत्येक खड्ड्याचा धक्का गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर आणि पिनियनच्या (डिफरेन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर. सरकायची जागा एकच हवी, कमी नाही आणि जास्त नाही. जॅग्वार ई-टाइपसारख्या गाड्यांत डिफरेन्शियल बॉडीच्या सबफ्रेमला पक्कं असतं, तिथं अंतर फारच कमी हलतं, तरी थोडी सोय लागतेच.

तुमच्या गाडीला नवा शाफ्ट करा, पुढे टाइप ९ च्या दातांचा स्लिप योक, मागे एमजीबीच्या डिफरेन्शियलचं फ्लँज, मधे साधा पाइप. जुना शाफ्ट कापू नका, कधी मूळ गिअरबॉक्स परत टाकलात तर लागेल.

जाता जाता, १९६५ पर्यंतच्या टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकच्या क्राइस्लर गाड्या असलेल्यांसाठी पण हेच. त्यात पुढचा जॉइंट बॉल अँड ट्रुनियन पद्धतीचा, सरकणं त्या जॉइंटच्या आतच होतं, गिअरबॉक्सवर फ्लँज. १९६६ पासून स्लिप योक आला. नंतरच्या वर्षाचा गिअरबॉक्स घेतलात तर जुना शाफ्ट विसरा, आणि योक घेताना टॉर्कफ्लाइट ९०४ ला २६ दात आणि ७२७ ला ३० दात हे बघून घ्या.

प्रश्न: गिअरबॉक्स एका कंपनीचा, डिफरेन्शियल दुसऱ्या कंपनीचं. क्रॉस दोन्हीकडे वेगवेगळ्या मापाचे निघाले. आता शाफ्ट कुणाच्या मापाचा करायचा?

उत्तर: घाबरू नका, हा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. व्हर्नियरने दोन मापं घ्या, कपचा (क्रॉसच्या टोकावरच्या टोपीचा) व्यास आणि कपाच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या कपाच्या बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी. स्पायसर कंपनीच्या १३१० मापाच्या क्रॉसला कप साधारण २७ मिलिमीटर आणि रुंदी साधारण ८२. १३३० ला कप तोच २७ चा, रुंदी ९२. १३५० ला रुंदी ९२ पण कप ३० चा. १३१० आणि १३३० चे कप सारखे असल्यामुळे नुसता कप बघून घेतलेला क्रॉस हमखास चुकतो, त्यामुळे रुंदी मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका.

दोन मापं जोडणारे कॉम्बिनेशन क्रॉस मिळतात, दोन बाजू एका मापाच्या आणि दोन दुसऱ्या. तेही नीट काम करतात. पण शाफ्ट नवाच करणार असाल तर दोन्ही टोकांना एकच माप ठेवा आणि पिनियनचा योक बदला, रस्त्यात क्रॉस गेला तर एकाच प्रकारचा शोधावा लागेल. काही जुन्या जनरल मोटर्सच्या शाफ्टमध्ये क्रॉस सर्क्लिपने नाही तर कारखान्यातच प्लॅस्टिक ओतून अडकवलेला असतो. तो काढताना प्लॅस्टिक तापवून वितळवावं लागतं, मग आतल्या बाजूला क्लिप बसणारा क्रॉस घाला. हातोड्याने ठोकत बसलात तर योकचा कान वाकेल.

प्रश्न: १९६६ च्या मस्टँगमध्ये सी४ ऑटोमॅटिक काढून टी५ बसवला. दोन्हीला २८ दात, शाफ्ट मापाने करून घेतला, बॅलन्सही केला. तरी ९०-१०० च्या स्पीडला फरशी गुणगुणते, आरसा थरथरतो. शाफ्ट करणारा म्हणतो त्याचं काम चोख आहे. मग चूक कुणाची?

उत्तर: दोघांचीही नसेल. तुम्ही पत्रात एक ओळ लिहिलीत, नवा बॉक्स टनेलला (फरशीतल्या मधल्या उंचवट्याला) घासत होता म्हणून मागून थोडा खाली घेतला. तिथंच बघू.

युनिव्हर्सल जॉइंट वाकलेला असताना शाफ्ट एकसारखा फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे पडतो. कोन जितका मोठा तितकं हे जास्त. मागच्या जॉइंटला तेवढाच कोन दिला की तो हे सगळं उलटं करून टाकतो आणि डिफरेन्शियलपर्यंत फिरणं गुळगुळीत पोचतं. म्हणून दोन्ही कोन एकमेकांच्या १ अंशाच्या आत असावेत, ३ अंशांपेक्षा जास्त नसावेत तर बरं, आणि अर्ध्या अंशापेक्षा कमी पण नकोत.

आता तुमच्या गाडीसारखं एक उदाहरण घेऊ. आधी गिअरबॉक्स मागे ३ अंश उतरता, शाफ्ट ५ अंश उतरता, पिनियन ३ अंश. पुढचा कोन २, मागचा कोन २. सुंदर. आता गिअरबॉक्सचं शेपूट पाचेक सेंटिमीटर खाली घेतलं. गिअरबॉक्स ६ अंशांवर गेला, शाफ्टचं पुढचं टोक खाली आल्यामुळे तो ३ अंशांवर आला, पिनियन होता तसाच ३ वर. पुढचा कोन ३, मागचा शून्य! पुढचा जॉइंट जे हेलकावे देतोय ते मागे कुणी पुसतच नाही, वर मागच्या क्रॉसच्या बेअरिंगमधल्या सुया जागच्या जागी उभ्या राहतात, फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. असा क्रॉस काढून बोटांनी फिरवला की अडकत अडकत फिरतो, लगेच कळतं.

डिजिटल अँगल मीटर घ्या. गाडी वजनावर, लेव्हलला. गिअरबॉक्सच्या टेलवर, शाफ्टच्या पाइपवर आणि पिनियनच्या योकच्या सपाट भागावर असे तीन आकडे लिहा आणि वजाबाकी करा. पहिला उपाय म्हणजे टनेलमध्ये जागा करून गिअरबॉक्स परत वर घेणं. ते जमणारच नसेल तर पाट्याच्या आणि अ‍ॅक्सलच्या पॅडच्या मधे तिरकी पाचर घालून पिनियनचा कोन गिअरबॉक्सला समांतर करता येतो. पाट्यांच्या गाडीत जोर लावला की पिनियनचं नाक वर उठतं म्हणून उभ्या गाडीत ते समांतरपेक्षा १ ते २ अंश खाली ठेवा.

आणि थरथर नक्की कुठून येतेय हे ओळखायची एक चांगली युक्ती आहे, फोनमधलं कंपन मोजणारं अ‍ॅप. समजा टायर ६६ सेंटिमीटर व्यासाचा आणि अ‍ॅक्सल ३.०८ चा आहे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.०८ फेरे. १०० च्या स्पीडला चाक मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं म्हणजे सेकंदाला १३. शाफ्ट सेकंदाला ४१. जॉइंटच्या कोनाचा त्रास शाफ्टच्या दुप्पट म्हणजे ८२ च्या आसपास. अ‍ॅपमध्ये १३ दिसलं तर टायर, ४१ दिसलं तर बॅलन्स किंवा वाकडा पाइप, ८२ दिसलं तर कोन. तुमची गुणगुण मला ८२ वाली वाटते, थरथर असेल तर अंगाला जाणवते, गुणगुण असेल तर कानाला. मोकळा रस्ता बघून त्याच स्पीडला न्यूट्रल करा, तरी आवाज राहिला तर इंजिनचा संबंध नाही. फोन शेजारी बसलेल्याच्या हातात द्या, गाडी चालवताना स्वतः बघू नका.

शाफ्ट करणाऱ्यावर चिडू नका. बॅलन्सिंग मशीनवर शाफ्ट सरळ रेषेत फिरतो, तुमच्या गाडीतला कोन तिथं दिसतच नाही.

प्रश्न: ओव्हरड्राइव्ह टाकलाय, आता इंजिन निवांत आहे म्हणून मागे ३.०८ काढून ३.७३ टाकणार. आणि मधल्या बेअरिंगचा कंटाळा आलाय, दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून १.८ मीटरचा एकच पाइप करणार. काही हरकत?

उत्तर: आहे हो, मोठी हरकत आहे, आणि ऑर्डर द्यायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत.

ओव्हरड्राइव्हने इंजिन हळू फिरतं, शाफ्ट नाही. शाफ्ट किती फिरणार हे फक्त गाडीचा वेग, टायर आणि अ‍ॅक्सलचा रेशो ठरवतात, गिअरबॉक्सशी त्याचा संबंध नाही. वरच्याच टायरवर १०० ला ३.०८ मध्ये शाफ्ट साधारण २४७५ आरपीएम, ३.७३ मध्ये ३०००, ४.११ असता तर ३३००. म्हणजे इंजिन शांत ऐकू येतंय आणि खाली शाफ्ट आधीपेक्षा जोरात फिरतोय, आणि डॅशबोर्डवर त्याचा काटा नाही.

प्रत्येक पाइपचा एक क्रिटिकल स्पीड असतो, त्या फेऱ्यांना पोचला की पाइप मधे फुगून दोरीउड्यांच्या दोरीसारखा वाकायला लागतो. तो लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, लांबी १० टक्के वाढवली की क्रिटिकल स्पीड साधारण १७ टक्के खाली. ७६ मिलिमीटर व्यासाचा, १.६५ मिलिमीटर जाडीचा स्टीलचा पाइप १.४ मीटर लांब असेल तर गणिताने ६५०० आरपीएम येतो. तोच पाइप १.८ मीटर केला की ३९०० च्या आसपास. वापरताना यातले ७० टक्केच धरायचे कारण जॉइंट, वेल्ड आणि किंचित वाकडेपणा धरून खरा पाइप गणिताएवढा चांगला कधीच नसतो. ७० टक्के म्हणजे साधारण २७५० आणि तुम्हाला १०० लाच ३००० हवेत. हा शाफ्ट रोजच्या हायवेच्या स्पीडला धोक्याच्या पट्ट्यात फिरणार, आणि तुमच्या पायाखालीच.

पाइप ८९ मिलिमीटरचा केला तर थोडा आधार मिळतो, सुरक्षित आकडा ३२०० पर्यंत जातो, तोही १०० च्या जेमतेम वर. अ‍ॅल्युमिनियमचा केला की प्रश्न सुटतो असं बरेच जण सांगतात, पण त्याच व्यासात आणि लांबीत स्टील आणि अ‍ॅल्युमिनियमचा क्रिटिकल स्पीड जवळजवळ सारखाच निघतो, अ‍ॅल्युमिनियम हलका असतो तसाच नरमही असतो. फायदा होतो तो जास्त व्यासाचा पाइप वजन न वाढवता घेता येतो म्हणून.

मधलं बेअरिंग कंपनीने उगाच दिलेलं नाही. त्याचा रबर बदला, ब्रॅकेटचं माप मॅन्युअलप्रमाणे घ्या, आणि गिअरबॉक्सची लांबी बदलली असेल तर फक्त पुढचा तुकडा कापा, मागचा आणि बेअरिंगची जागा होती तशीच ठेवा. बीएमडब्ल्यू २००२ मध्ये पाच गिअरचा गेट्राग २४५ टाकणारे हेच करतात. पुढे रबर कपलिंग असेल तर तेही त्याच वेळी नवं घाला, त्यावरचे बाण बघून, आणि आवळताना बोल्ट धरून ठेवा व नट फिरवा म्हणजे रबराला पीळ बसत नाही.

प्रश्न: नवीन गिअरबॉक्स, नवीन ऑइल सील, तरी स्लिप योकपाशी तेल येतं. सील दोनदा बदललं.

उत्तर: योक जुनाच वापरलात ना? त्याच्या बाहेरच्या गुळगुळीत भागावर नखाने आडवं ओढून बघा, नख अडकलं तर जुन्या सीलने तिथं चर पाडलाय, तिसरं सीलही गळणार. योक बदला. नवा योक घेताना दातांबरोबर बॅरलचा, म्हणजे त्या गुळगुळीत भागाचा, व्यासही मोजा, २७ दातांच्या योकचं बॅरल साधारण ३८ मिलिमीटर, टर्बो ४०० च्या ३२ दातांच्या योकचं साधारण ४८. योक गुळगुळीत असेल तर तो आत घालून वर-खाली हलवा. हलला तर टेल हाउसिंगचा बुश झिजलाय, आणि बुश गेला की कुठलंच सील टिकत नाही, आधी बुश घाला, मग सील.